पायाचा फोटो: काय दिसतं आणि काय दिसत नाही



आपल्या खान्देशात एक्स-रेला कोणी एक्स-रे म्हणत नाही. "डॉक्टरकडे नेलं, फोटो काढला," असंच म्हणतात. आणि फोटोत काही निघालं नाही की घरचे लगेच म्हणतात, "फोटो चांगला आहे, काही नाही त्याला." मीसुद्धा हेच म्हणत होते. एका मुलामुळे माझी ही समजूत बदलली. म्हणून आजचा पाठ पायावर आणि पायाच्या आतलं बघण्याच्या साधनांवर घेतला आहे. वर्गात करता येतील असे उपक्रमही शेवटी दिले आहेत.

आधी प्रसंग सांगते

आमची शाळा धुळे जिल्ह्यातल्या एका खेड्यात आहे. दिवाळीची सुट्टी म्हणजे इकडे कापूस वेचणीचा हंगाम. पोरं आईबापाबरोबर शेतात जातात. सुट्टीनंतर चौथीतला एक मुलगा लंगडत शाळेत आला. परिपाठाला उभा राहीना, कवायतीला येईना. विचारलं तर अहिराणीत एवढंच म्हणाला, "मॅडम, मना पाय दुखस." पायावर जखम नव्हती, सूज नव्हती. हा मुलगा आधीपासून कवायतीला कंटाळायचा. मला वाटलं, बहाणा करतोय. मी त्याला सगळ्यांसमोर बोलले आणि उभं केलं.

घरच्यांनी तालुक्याला नेऊन फोटो काढला. फोटो चांगला निघाला. मग तर माझी खात्रीच झाली. पण पंधरा-वीस दिवसांत तळपायाला गाठ आली, पाय टेकवेना. तेव्हा त्याची मावशी त्याला मोठ्या दवाखान्यात घेऊन गेली. तिथल्या डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, "काटा लागला होता का?" मुलगा म्हणाला, "हो, बांधावर बाभळीचा काटा लागला होता. अर्धा मीच काढला." हे त्याला तोपर्यंत कोणीच विचारलं नव्हतं. घरी विचारलं नाही, पहिल्या डॉक्टरांना कोणी सांगितलं नाही, आणि मी तर विचारायच्या आधीच निकाल देऊन मोकळी झाले होते.

सोनोग्राफी केली. उरलेला काट्याचा तुकडा आत दिसला. छोटं ऑपरेशन करून काढला. आठवड्याभरात पोरगं पळायला लागलं.

मी त्याची माफी मागितली, वर्गासमोरच, कारण बोललेही वर्गासमोरच होते. पण माझ्या मनात एक प्रश्न राहिला. फोटोत काटा दिसला कसा नाही? त्याचं उत्तर शोधता शोधता हा पाठ तयार झाला.

पायात आहे तरी काय?

घोट्याखालचा पाय आपण हाताइतका कधी निरखत नाही. पण एका पावलात २६ हाडं असतात. मोजणी सोपी आहे. घोट्याजवळ आणि टाचेकडे ७ हाडं, मधल्या भागात ५ लांबट हाडं आणि बोटांमध्ये १४. अंगठ्यात दोन आणि बाकीच्या चार बोटांत प्रत्येकी तीन, म्हणून १४. दोन्ही पावलांची मिळून ५२ झाली. मोठ्या माणसाच्या सगळ्या शरीरात २०६ हाडं असतात. म्हणजे साधारण चौथा हिस्सा हाडं एकट्या पावलांत आहेत!

याशिवाय अंगठ्याच्या मुळाशी, खालच्या बाजूला, वाटाण्याएवढी दोन छोटी हाडं असतात. ती २६ मध्ये धरत नाहीत, पण फोटोत दिसतात. एका पावलात ३३ सांधे आहेत. स्नायू, स्नायूंना हाडाशी जोडणारे दोर म्हणजे स्नायुबंध, आणि हाडाला हाड बांधणारे पट्टे म्हणजे अस्थिबंध, हे सगळे मिळून शंभराच्या वर जातात.

तळपायाला कमान असते. जुन्या दगडी पुलाची कमान आठवा. चालताना ही कमान थोडी दबते आणि परत वर येते, म्हणून दणका कमी बसतो. चैत्रात आपल्याकडचे लोक सप्तशृंगी गडावर पायी जातात, मुक्ताईनगरहून मुक्ताबाईंची पालखी पंढरपूरला साधारण महिनाभर चालते. एवढा सगळा भार ही छोटी छोटी हाडं आणि त्यांना बांधणारे पट्टे पेलतात.

फोटो नव्हता तेव्हा

फोटोचा शोध लागण्याआधी पायाच्या आतलं बघायचा एकच मार्ग होता, पाय उघडून बघणे. इथे आपल्या महाराष्ट्राशी जोडलेली एक गोष्ट सांगते.

जगभरातले डॉक्टर 'ग्रेज ॲनाटॉमी' हे पुस्तक वाचतात. त्याची पहिली आवृत्ती १८५८ साली लंडनला निघाली. त्यातली ३६३ चित्रं काढली हेन्री वँडाइक कार्टर या तरुण डॉक्टरने. त्याच वर्षी हे कार्टर मुंबईला आले आणि ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये शरीररचना शिकवू लागले. पुढे काही वर्षं ते साताऱ्यालाही होते.

इथे त्यांना शेतकऱ्यांच्या पायाचा एक विचित्र आजार दिसला. पाय हळूहळू सुजतो, गाठी येतात, त्यांना तोंडं पडतात आणि त्यातून काळे किंवा पांढरट बारीक दाणे बाहेर येतात. दुखणं कमी असल्यामुळे माणूस वर्षानुवर्षं अंगावर काढतो आणि शेवटी हाडं पोखरली जातात. मदुराईकडे आधी नोंद झाली म्हणून याला 'मदुरा फूट' म्हणायचे. कार्टर यांनी कापून काढावे लागलेले पाय उघडून तपासले, आतली चित्रं काढली आणि हा आजार बुरशीचा आहे असं मांडलं. 'मायसेटोमा' हे नाव त्यांनीच दिलं. १८७४ साली त्यांचं यावरचं पुस्तक आलं. आज आपल्याला माहीत आहे की हा आजार काही वेळा बुरशीमुळे आणि काही वेळा जिवाणूंमुळे होतो. मातीतले हे जंतू बहुतेक वेळा अनवाणी पायाला लागलेल्या काट्याच्या वाटेने आत शिरतात. २०१६ साली जागतिक आरोग्य संघटनेने या आजाराला दुर्लक्षित आजारांच्या यादीत घेतलं.

विचार करा, ज्या माणसाने जगाला शरीराची चित्रं काढून दिली, त्यालाही पायाच्या आतला आजार बघायला तोडलेल्या पायाची वाट बघावी लागली. जिवंत माणसाचा पाय आतून बघायची सोय तेव्हा नव्हती.

मग फोटो आला

८ नोव्हेंबर १८९५ रोजी जर्मनीतल्या वुर्झबर्ग इथे विल्हेल्म राँटगेन यांना एक अनोळखी किरण सापडला. अनोळखी म्हणून नाव दिलं 'एक्स'. २२ डिसेंबरला त्यांनी आपल्या पत्नीच्या हाताचा फोटो काढला. बोटांची हाडं आणि बोटातली अंगठी स्पष्ट उमटली. १९०१ साली भौतिकशास्त्राचं पहिलंच नोबेल त्यांना मिळालं.

हे किरण मांसातून सहज पार होतात. हाडात कॅल्शियम असतं, ते किरणांना अडवतं. म्हणून फोटोत हाड पांढरं दिसतं आणि मांस करड्या सावलीसारखं. धातू तर किरणांना जवळजवळ पूर्ण अडवतो. पायात खिळा किंवा सुई घुसली तर ती फोटोत चमकते.

आता काट्याकडे या. बाभळीचा काटा म्हणजे लाकूडच. लाकडात किरणांना अडवणारं फारसं काही नसतं. त्यामुळे लाकडाची सावली आजूबाजूच्या मांसाच्या सावलीत मिसळून जाते. माझ्या विद्यार्थ्याच्या फोटोत काही चूक नव्हती. हाडं चांगली आहेत एवढंच फोटो सांगत होता, आणि ते खरंच होतं. 'काही नाही त्याला' हा अर्थ आम्ही काढला होता.

फोटोत न दिसणाऱ्या तीन गोष्टी

*एक: लाकूड.* काटा, काडी, कुसळ. वर सांगितलंच.

*दोन: मुलांची कच्ची हाडं.* ही गोष्ट मला सगळ्यात नवी होती. बाळ जन्मतं तेव्हा त्याच्या पावलातली बरीचशी हाडं अजून हाडं झालेलीच नसतात. ती कूर्चेची असतात, म्हणजे आपल्या कानाच्या पाळीच्या वरचा भाग असतो तशी मऊ पण आकार धरणारी. कूर्चा फोटोत दिसत नाही. नवजात बाळाच्या फोटोत घोट्याजवळच्या सात हाडांपैकी दोन-तीनच दिसतात, बाकी ठिकाणी मोकळी जागा. पावलाच्या आतल्या बाजूला कमानीच्या टोकाशी होडीच्या आकाराचं एक हाड आहे, ते सर्वात उशिरा, साधारण तिसऱ्या वर्षाच्या आसपास दिसू लागतं.

टाचेचं तर अजून वेगळं. टाचेच्या मागच्या बाजूला हाडाचा एक वेगळा तुकडा साधारण सहा ते नऊ वर्षांच्या दरम्यान तयार होतो आणि पुढे चौदा-सोळाच्या सुमारास मुख्य हाडाला जुळतो. मधल्या काळात फोटोत दोन्हींच्या मध्ये काळी रेघ दिसते. कित्येक पालक ती बघून घाबरतात, 'हाड मोडलं!' म्हणतात. ती मोडलेली नसते, ती वाढीची जागा असते. पण खो-खो, कबड्डी, धावणं खूप झालं की पोटरीचा जाड स्नायुबंध याच जागेला ओढत राहतो आणि टाच दुखते. आठ ते चौदा या वयात हे बऱ्याच मुलांना होतं. फोटो अगदी चांगला असतो, तरी दुखणं खरं असतं. थोडी विश्रांती, डॉक्टरांनी सांगितलेले ताण देण्याचे व्यायाम आणि टाचेला मऊ आधार, यावर बहुतेक वेळा भागतं. क्रीडास्पर्धांच्या आधी मुलं टाच धरून बसली तर आपण सगळ्यांनी हे आठवायला हवं.

*तीन: ताजी बारीक चीर.* १८५५ साली प्रशियाच्या सैन्यातल्या ब्राइटहाउप्ट नावाच्या डॉक्टरांनी लिहून ठेवलं की लांब चालून आलेल्या सैनिकांचे पाय सुजतात आणि दुखतात. कारण कळत नव्हतं. एक्स-रे आल्यावर, १८९७ साली, कळलं की पावलाच्या मधल्या लांबट हाडाला बारीक चीर गेलेली असते. एकदम मार लागून नाही, तर पुन्हा पुन्हा ताण बसून. सवय नसताना पायी यात्रेला गेलेल्या माणसालाही हे होऊ शकतं. गंमत अशी की ज्या फोटोने हे कोडं सोडवलं, त्याच फोटोत पहिले दोन-तीन आठवडे ही चीर बहुधा दिसत नाही. हाड भरून यायला लागलं की मग तिथे जाडसर भाग उमटतो. म्हणून डॉक्टर कधीकधी "पंधरा दिवसांनी परत फोटो काढू" म्हणतात. त्यांना पैसे काढायचेत असं लगेच समजू नये.

मग बाकीची साधनं कशाला?

प्रत्येक साधन आपापल्या पद्धतीने बघतं.

सोनोग्राफी आवाजाने बघते. विहिरीत तोंड घालून हाक मारली की हाक परत येते, तसंच. आपल्या कानाला ऐकू न येणारा आवाज आत पाठवायचा आणि परत आलेल्या प्रतिध्वनीवरून चित्र बनवायचं. लाकडावरून प्रतिध्वनी चांगला परततो, म्हणून काटा चमकदार रेघेसारखा दिसतो आणि त्याच्यामागे सावली पडते. यात किरण नाहीत, त्यामुळे मुलांना सोयीचं. पण हाडाच्या आत सोनोग्राफीला दिसत नाही.

सीटी स्कॅन म्हणजे सगळ्या बाजूंनी एक्स-रे घेऊन संगणकाने केलेले काप. पावाच्या लादीच्या चकत्या करून एकेक बघावी तसं. १९७१ साली इंग्लंडमध्ये पहिल्यांदा रुग्णावर वापरलं गेलं. आता काही ठिकाणी रुग्णाला उभं करून पायाचं सीटी करणारी यंत्रंही आहेत, कारण झोपलेल्या माणसाच्या पायाची कमान आणि उभ्या माणसाची कमान यांत फरक पडतो. साधा फोटोसुद्धा कमान बघायची असेल तर उभं राहूनच काढतात.

एमआरआय मोठ्या चुंबकाने बघतं. शरीरातल्या पाण्यातला हायड्रोजन त्याला संदेश देतो. त्यामुळे स्नायू, अस्थिबंध, कूर्चा आणि हाडाच्या आतली सूज, जे फोटोत हरवतं ते इथे दिसतं. ताजी चीरही दिसते. आणि कार्टर यांचा तो मायसेटोमा? एमआरआयमध्ये छोटी छोटी वर्तुळं आणि प्रत्येकाच्या मध्ये एक काळा ठिपका असं चित्र दिसू शकतं. तो ठिपका म्हणजे तोच दाणा, जो बघायला त्यांना पाय कापावा लागला होता.

म्हणून मोठी मशीन म्हणजे चांगली तपासणी असं नाही. डॉक्टरांना काय शोधायचंय त्यावर साधन ठरतं, आणि काय शोधायचं ते आपण सांगितलेल्या माहितीवर ठरतं. याउलट, उगीच तपासण्याही नकोत. परदेशात १९२० नंतर बुटांच्या दुकानांत पाय घालून बघायची एक्स-रे पेटी असायची. मुलं हौसेने आपल्या पायाची हाडं हलताना बघायची. किरणांचा धोका लक्षात आल्यावर ती यंत्रं बंद झाली. डॉक्टर काढतात त्या पायाच्या फोटोत किरण फार थोडे असतात, त्याला घाबरू नये. पण गरज असेल तरच काढायचा.

वर्गात मी काय केलं

१. *बटर पेपरचा पाय.* दोन बटर पेपरवर पावलाचा आकार कापला. मुलांनी जुन्या पुठ्ठ्याची २६ हाडं कापून मध्ये चिकटवली. त्यात बटर पेपरचाच एक 'काटा' गुपचूप ठेवला. खोली अंधारी करून मागून बॅटरी धरली. पुठ्ठ्याची हाडं काळीभोर दिसली, काटा पुसट झाला, कोणाला चटकन सापडला नाही. मग एकीला डोळे मिटून बोट फिरवायला सांगितलं. तिला लगेच सापडला. साधन बदललं की दिसणं बदलतं, हे मुलांना मला सांगावं लागलं नाही.

२. *ओला ठसा.* पाय ओला करून शहाबादी फरशीवर किंवा जुन्या वर्तमानपत्रावर ठेवायचा. कोणाचा मध्ये अरुंद येतो, कोणाचा भरलेला. हा खेळ वाटेल, पण डॉ. राव आणि डॉ. बेंजामिन जोसेफ या भारतीय डॉक्टरांनी ४ ते १३ वर्षांच्या २३०० मुलांच्या पायाचे ठसेच घेतले होते. १९९२ साली त्यांनी छापलं की बूट-चपला वापरणाऱ्या मुलांत सपाट पाय ८.६ टक्के आणि अनवाणी मुलांत २.८ टक्के होते. बंद बूट घालणाऱ्यांत जास्त, चप्पल-सँडलवाल्यांत कमी. साध्या ठशातूनही विज्ञान होतं! पण लक्षात घ्या, लहान मुलांचा ठसा भरलेला येणं स्वाभाविक आहे. कमान हळूहळू तयार होते. चवड्यावर उभं राहिल्यावर कमान दिसत असेल आणि दुखत नसेल तर बहुतेक वेळा काळजीचं कारण नसतं.

आणि यावरून मुलांना शेतात अनवाणी पाठवा असा अर्थ काढू नका. अंगणात, वर्गात, घरात अनवाणी. बांधावर आणि काट्याकुट्यात पायात चप्पल-बूट हवेच.

३. *प्रश्नांचा खेळ.* एक मुलगा रुग्ण, एक डॉक्टर. रुग्णाच्या हातात चिठ्ठी: 'काटा लागला', 'खूप पळालो', 'जीप चढलो तेव्हा मुरगळला'. डॉक्टरने प्रश्न विचारूनच ओळखायचं. आता माझी पोरं घरीही विचारतात, "कधीपासून? काही लागलं होतं का? कोणत्या जागी? एक बोट ठेवून दाखव."

पालकांसाठी थोडक्यात

- मूल लंगडत असेल तर आधी विचारा, मग ठरवा. काटा, खिळा, काच काही लागलं असेल तर ते डॉक्टरांना स्वतःहून सांगा. धनुर्वाताच्या इंजेक्शनचंही विचारा.
- फोटो चांगला आला पण दुखणं थांबलं नाही, गाठ आली, ताप आला, पाय टेकवत नाही, तर परत दाखवा. जुना फोटो सोबत न्या.
- तळपायाला न दुखणारी गाठ असेल तरी दुर्लक्ष करू नका. शेतात राबणाऱ्या मोठ्यांनीही.
- जन्मतः पाय आत वळलेला असेल तर 'मोठा झाला की सरळ होईल' म्हणत थांबू नका. डॉ. पोन्सेती यांच्या पद्धतीत पहिल्या काही आठवड्यांतच दर आठवड्याला प्लास्टर बदलत पाय सरळ आणतात, अनेकदा टाचेमागचा स्नायुबंध थोडा मोकळा करतात, आणि नंतर काही वर्षं खास बूट वापरावे लागतात. बाळाची हाडं अजून कूर्चेची असल्यामुळे इथे फोटोपेक्षा डॉक्टरांच्या हाताचा अंदाज महत्त्वाचा असतो.
- राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत आणि शाळेत येतं. त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका. शिक्षकांनीही लंगडणारं मूल आवर्जून दाखवावं. वळलेला पाय त्यांच्या तपासणीच्या यादीतच आहे.

तो मुलगा आता सातवीला दुसऱ्या गावच्या शाळेत जातो. परवा एसटी स्टँडवर भेटला. मी सवयीने त्याच्या पायाकडे बघितलं, तर हसून म्हणाला, "मॅडम, आता नही दुखस." मग स्वतःच सांगितलं की त्याच्या वर्गातल्या एकाचा पाय दुखत होता आणि ह्यानेच सरांना जाऊन विचारलं, 'सर, त्याला काटा लागलाय का ते विचारा ना.'

तुमच्या वर्गात असा काही अनुभव आला असेल तर जरूर लिहा. बटर पेपरचा पाय करून बघितलात तर मुलांनी काय काय विचारलं तेही कळवा.